होडीचा वाटा

“माणशी किती?” फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारला.

पलीकडून होडीचा तांडेल म्हणाला, “माणशी नाय, सर. होडयेचो दर. तुमी दोगा येवा नायतर सगळी येवा, होडी तेवढीच चलतली.”

दर होता 14,000 रुपये. पहाटे साडेपाचला मालवणच्या जेटीवरून निघायचं, दुपारी साडेबाराला परत. आम्ही जाणारे चौघं: मी, मावसभाऊ, थोरला पुतण्या आणि शेजारचे निवृत्त गुरुजी. चौघंही कोल्हापूरचे गळवाले. पंचगंगेच्या काठावर आणि राधानगरीच्या पाण्यावर आमचे रविवारच्या रविवार गेलेले. नदीवर गळ टाकायला खर्च काय येतो? कणकेचे गोळे, गांडुळं आणि दोन वेळचा चहा. त्यामुळे मासे धरायला माणशी साडेतीन हजार हा आकडा ऐकून मावसभाऊ गप्पच झाला.

मी लगेच हो म्हटलं नाही, त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बंदरावर आम्ही फोनवर 6,000 ठरवून गेलो होतो. परत आल्यावर हिशेब निघाला तो असा: इंधन वेगळं, गळकाठ्यांचं भाडं वेगळं, बर्फ वेगळा. जेटीवर होडीची वाट बघत बसलो तो तासही आमच्याच वेळेत धरला होता. मासा होडीचा म्हणून आमच्या हातात चार बांगडे ठेवले. साडेअकरा हजार देऊन आम्ही घाट चढलो, आणि घाटभर कुणी कुणाशी बोललं नाही. तेव्हापासून माझ्या वहीत प्रश्न लिहिलेले होते. दर इंधनासह की इंधन सोडून, वेळ कुठून मोजणार, आमिष-बर्फ कुणाचा, मासा कुणाचा, आणि वारा सुटला तर आगाऊ दिलेल्या पैशांचं काय.

तांडेलानं न अडखळता उत्तरं दिली. इंधन, आमिष, बर्फ, लाइफ जॅकेट सगळं धरून. वेळ होडी जेटीवरून सुटल्यापासून. मासा सगळा तुमचा. हवामान बिघडल्यामुळे मी बाहेर पडलो नाही तर आगाऊ रक्कम परत. तुम्ही आला नाहीत तर नाही. गळकाठ्या तुमच्या, तुटल्या तर तुमच्या. आणि मी न विचारलेली एक गोष्ट त्यानं आपणहून सांगितली. आम्ही ठरवलेला शनिवार पौर्णिमेला लागून होता. “पुनवेच्या उधाणाक येव नकात. पाण्याक ओढ असता, शिसा तळाक थारत नाय. अष्टमी-नवमीक येवा, भांगाच्या पाण्यार.”

तरी मी 10,000 म्हणालोच. तो चिडला नाही. “येवा तुमी. हिशेब होडयेत बसान सांगतंय. पटलो नाय तर मगे बोला.”

जानेवारीतल्या एका दुपारी आम्ही राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरलो आणि दिवस मावळायच्या आत मालवणात पोचलो. सामान खोलीवर टाकून थेट बंदरावर गेलो, कारण संध्याकाळचा लिलाव मला बघायचा होता. वाळूवर बांगड्यांचे ढीग, बाजूला तीन-चार सुरमया ओळीनं मांडलेल्या. मालवणीत सुरमईला इसवण म्हणतात. भोवती बायकांचा गराडा. बोली इतक्या भराभर चढत होती की माझ्या कानाला शेवटचा आकडा तेवढा लागायचा. मोठी सुरमई त्या संध्याकाळी सातशे रुपये किलोच्या आसपास सुटली. तो आकडा मी डोक्यात ठेवला.

पहाटे मतलई वाहत होता. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा हा वारा जानेवारीत चांगलाच झोंबतो. पुतण्यानं कानाला मफलर गुंडाळला होता. होडी अठ्ठावीस फुटी, फायबरची, मागे चाळीस घोड्यांचं पेट्रोल मशीन. तांडेल पन्नाशीचा, सोबत विशीतला खलाशी. गुरुजींच्या जॅकेटचा बकल लागत नव्हता. तो लागेपर्यंत तांडेलानं मशीनची दोरी ओढली नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी काळोखात काळोखापेक्षा गडद दिसत होती. तिच्या खडकांजवळून जाताना पुतण्यानं गळ काढायला घेतला. एवढे खडक, म्हणजे मासा असणारच. तांडेलानं हात वर केला. इथे नाही. 1987 साली या भागात मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं, आणि किल्ला-पद्मगडाचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. आम्हाला गळ टाकायचा तर दक्षिणेला, निवतीच्या दीपस्तंभाकडे. मालवणहून साधारण दहा सागरी मैल.

हे दहा मैल आमच्या चौदा हजारांत कसे शिरले ते त्यानं त्या अंतरातच समजावलं. सुकाणू खलाशाकडे दिलं, बर्फाच्या पावतीची मागची बाजू गुडघ्यावर धरली आणि पेन्सिलीनं लिहायला लागला. दहा घोड्यांचं पेट्रोल मशीन पूर्ण वेगात तासाला ढोबळ चार लिटर पितं. चाळीस घोड्यांचं पंधरा-सोळा. जरा हात आखडून चालवलं तर बारा. गळ मागे सोडून सावकाश ओढत फिरायचं, ज्याला आता सगळे ट्रोलिंग म्हणतात, त्याला पाच. जाऊन-येऊन दीड तास, त्याचे अठरा लिटर. ट्रोलिंग चार तास, त्याचे वीस. नांगरावर दीड तास, त्याला काही नाही. वर-खाली धरून चाळीस लिटर, आणि पेट्रोल शंभराच्या वर: 4,200 रुपये. मासेमारीच्या डिझेल नौकांना सरकार मच्छीमार संस्थांमार्फत कराचा परतावा देतं. याचं मशीन पेट्रोलचं, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. पुढे आमिष आणि बर्फ 600. स्वतःची मजुरी 2,000, खलाशाची 1,200. बेरीज 8,000.

“आणि राहिले सहा हजार?” मावसभावानं विचारलं.

“तो होडयेचो वाटो.”

ते शब्द ऐकले आणि मला हिशेबाची चावी सापडल्यासारखं झालं. कोकणच्या मच्छीमारीत हा जुना रिवाज आहे. मिळालेल्या माशाची वाटणी होते तेव्हा माणसांचे वाटे पडतात, तसा जाळ्याचा पडतो आणि होडीचाही. होडी जणू कामावर आलेला एक गडी. तीही राबते, झिजते, तिलाही खायला लागतं. आम्ही ‘बोट भाड्यानं घ्यायची’ म्हणत आलो होतो. तांडेलाच्या डोक्यात मात्र भाडं हा शब्दच नव्हता. त्या दिवशी आमच्यासह होडीत सहा माणसं होती आणि सातवी ती स्वतः.

तिचा वाटा जातो कुठे, तेही त्या पावतीवर आलं. मशीनच्या कर्जाचा हप्ता महिन्याला 9,000, वर्षाचे 1,08,000. हा हप्ता पावसाळा जाणत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. पर्यटकांच्या होड्या तर मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किनाऱ्यावर. उरलेल्या नऊ महिन्यांत वाऱ्याचे दिवस, वादळाचे इशारे, लग्नसराईत न येणारी गिऱ्हाईकं. गेल्या हंगामात आमच्यासारख्या फेऱ्या त्याला मिळाल्या चाळीस. चाळीस गुणिले सहा हजार म्हणजे 2,40,000. हप्ता वजा जाता 1,32,000. त्यातून विमा, परवान्याचं नूतनीकरण, दोन वर्षांनी जॅकेटं, खडकाला घासून गेलेला पंखा, आणि दर पावसाळ्यात फायबरची डागडुजी. मी बसलो होतो त्या फळीखालीच बशीएवढं ठिगळ होतं, बाकीच्या फायबरपेक्षा पिवळट. मी त्यावरून बोट फिरवलं. कडा अजून खरखरीत होती. “गेल्या गणपतीतला,” खलाशी म्हणाला.

दिवस उजाडला. निवतीचे खडक आणि त्यावरचा दीपस्तंभ आधी राखाडी दिसले, मग एकदम पिवळे झाले. या खडकांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, आणि सकाळच्या उन्हात त्यांचे थवे पाण्यावरून इतके खाली येत होते की गुरुजी गळ विसरून बघत राहिले.

पहिला तास कोरडा गेला. दुसऱ्या तासात पुतण्याचा नकली मासा खडकात अडकून तुटला. आठशे रुपयांचा होता, त्याचाच. मग पावणेआठच्या सुमाराला माझ्या रिळानं किंकाळी फोडली. नदीत मरळ ओढते ती खाली, बुडाशी. सुरमई सरळ पळते, होडीपासून लांब, आणि रिळावरची दोरी डोळ्यांदेखत कमी होत जाते. मनगटापासून खांद्यापर्यंत हात थरथरत होता. “सोडा, सोडा, जाव दे तिका,” तांडेल हळू आवाजात सांगत होता आणि त्याच वेळी मशीन इतकं मंद करत होता की होडी जागेवर उभी वाटावी. दहा-बारा मिनिटांनी ती कडेला आली. पाठ निळीकाळी, पोट चांदीचं, अंगावर उभ्या पट्ट्यांच्या पुसट रेघा. खलाशानं लांब दांड्याच्या आकड्यानं तिला एका झटक्यात आत घेतलं. साडेचार किलोच्या आसपास भरली. बर्फात ठेवेपर्यंत तिच्या अंगावरचा निळा रंग उडून गेला होता. तेवढं मात्र मला बघवलं नाही.

पुढे चौदा वावांवर नांगर टाकला. एक वाव म्हणजे सहा फूट, दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं. खलाशानं दोरी हातभर-हातभर मोजत खाली सोडली. गुरुजींना रीळ नको होतं. तांडेलानं त्यांना तंगुसाचं बिंडोळं दिलं, टोकाला शिसं आणि गरी, आणि तर्जनीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. त्या रबरावरून तंगूस आत-बाहेर होतं, म्हणजे बोट कापत नाही आणि खालचं हालणं मात्र कळतं. कोकणात याला गरवणं म्हणतात. अर्धा तास गुरुजी डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, “कुणीतरी दार वाजवतंय.” वर आली ती तांबोशी, तांबडीलाल, दीड किलोची. त्यानंतर आणखी एक. गुरुजी त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी याआधी पाहिलं नव्हतं.

परतताना पुतण्यानं मोबाइलवर हिशेब मांडला. सुरमई साडेचार किलो, कालच्या लिलावाच्या दरानं 3,150. तांबोशी आणि बांगडे धरून ओढूनताणून पाच हजार. म्हणजे नऊ हजार गेले, असं त्याचं म्हणणं. हा हिशेब अनेक जण करतात आणि तो मला मुळातच चुकीचा वाटतो. मासा हवा होता तर लिलावात मिळत होता, तोही आदल्याच संध्याकाळी. आम्ही घेतले होते सात तास: एका अनुभवी माणसाचे, त्याच्या पोराच्या वयाच्या खलाशाचे, आणि ज्या होडीला त्या दिवशी स्वतःचं जाळं टाकता आलं नाही त्या होडीचे. मासा गावो न गावो, पेट्रोल तेवढंच जळतं. उलट फसवणूक कुठे असते, तर कमी आकडा सांगून पुढे एकेक कलम वाढवण्यात. सहा हजारांची आमची ती जुनी फेरी या चौदा हजारांपेक्षा महाग पडली होती, कारण तिथे आम्ही कशाचे पैसे देतोय हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ज्याला चौदा हजार जड आहेत त्यानं सहा जण जमवावेत. माणशी तेवीसशेच्या आसपास पडतात. होडीला फरक पडत नाही, हे तांडेलानं पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

जेटीला लागलो तेव्हा एक वाजत आला होता. गुरुजींची दुसरी तांबोशी आणखी थोडी वाट बघायला लावून गेली होती, आणि त्या अर्ध्या तासाचा तांडेलानं उल्लेखही केला नाही. मी 14,000 मोजून दिले, खलाशाला वेगळे पाचशे. त्यानं तेवढ्यात सुरमई साफ करून, तुकड्या पाडून, बर्फासकट आमच्या डब्यात भरली होती. मी तांडेलाला म्हणालो, चला, कुठेतरी बसू, एकत्र जेवू.

“तुमी जावा पुडे,” तो म्हणाला. “हिका गोडा पाणी पाजूचा रवला.”

जेटीवर गोड्या पाण्यानं भरलेलं निळं पिंप होतं. खाऱ्या पाण्यातून आलेलं मशीन तसंच ठेवलं तर आतून गंजतं, म्हणून दर फेरीनंतर ते गोड्या पाण्यात चालवून धुवावं लागतं. दोघांनी मिळून मशीन होडीवरून उतरवलं, पिंपात सोडलं आणि सुरू केलं. आम्ही गाडीत सामान भरलं, डबा सीटखाली सरकवला, तरी पिंपातला तो घुमणारा आवाज चालूच होता. तांडेल वाकून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली तळवा धरून उभा होता, आणि मधूनच ते पाणी जिभेला लावून बघत होता, खारटपणा गेला का ते.