काही नाही, बटाटाच केलाय!

टोपलीत सहा-सात बटाटे पडलेले असतात, तरी घरची बाई म्हणते, "आज घरात भाजीच नाही." ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. भेंडी, गवार, दोडका, मेथी या भाज्या. बटाटा तो बटाटा! तो संपला तरच त्याची आठवण होते. मग त्याच बटाट्यांचं काहीतरी होतं, पानात पडतं, दोन पोळ्या जास्त खपतात आणि कढई पुसून घेतली जाते. जेवणाऱ्यानं विचारलंच, "आज काय केलंस?" तर उत्तर ठरलेलं, "काही नाही, बटाटाच केलाय!"

या 'च'नं बटाट्यावर अन्याय केला आहेच, पण त्याहून जास्त तो शिजवणाऱ्या हातावर केला आहे. पनीरची भाजी केली तर कौतुक होतं, बिर्याणी केली तर शेजारीपाजारी चर्चा होते. बटाट्याची भाजी मात्र कुणालाही येते, असं सगळे धरून चालतात. खरं तर बटाट्याइतकी करणाऱ्याची परीक्षा पाहणारी भाजी दुसरी नसेल. कारल्याला कडूपणा आहे, मेथीला वास आहे, कांद्याला गोडवा आहे. बटाट्याला स्वतःची अशी चव फार थोडी. त्यामुळे त्यात जे उतरतं ते करणाऱ्याचं असतं. फोडी केवढ्या केल्या, हिंग किती घातला, मिरची चिरली की वाटली, झाकण ठेवलं की उघडंच परतलं, एवढ्यावरून एका भिंतीपलीकडच्या दोन घरांतली एकच भाजी दोन निराळ्या चवींची होते.

परका आला, घरचा झाला

मुळात बटाटा आपला नव्हेच. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर, आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या प्रदेशात, हजारो वर्षांपूर्वी त्याची शेती सुरू झाली. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पुढे पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. उत्तरेत त्याला 'आलू' म्हणू लागले. मराठी, गुजराती आणि कोंकणीनं मात्र पोर्तुगीजांचाच 'बटाटा' उचलला.

स्वातंत्र्यानंतर त्याला सरकारी घरही मिळालं. १९४९ मध्ये पाटण्यात सुरू झालेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९५६ मध्ये सिमल्याला हलली आणि तिनं काढलेल्या वाणांना सिमल्याजवळच्या कुफरी गावाचं नाव मिळालं. कुफरी सिंदुरी, कुफरी चंद्रमुखी, कुफरी ज्योती हे नावाजलेले वाण १९६७-६८ च्या सुमारास आले. आज बटाट्याच्या उत्पादनात जगात चीनखालोखाल भारताचाच नंबर लागतो.

खरी गंमत आहे ती उपवासाची. एकादशीच्या ताटातले बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. आपल्याकडचा साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो, तोही तिकडचाच. तांदूळ, तूरडाळ, कांदा, लसूण ही कैक पिढ्यांची ओळखीची मंडळी त्या दिवशी बाहेर आणि हे पाहुणे थेट देवघराशी! जुन्या निषिद्धांच्या यादीत बटाट्याचं नाव असण्याचं कारणच नव्हतं. तुपात जिरं तडतडवून, हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट घालून केलेली उपवासाची भाजी आज मराठी घरात इतकी रुळली आहे, की तिच्यावाचून एकादशी पाळली जायची हे सांगूनही खरं वाटत नाही. जैन घरांत मात्र कंद वर्ज्य, म्हणून तिथल्या बायका बटाट्याची जागा कच्च्या केळ्यानं अशा बेमालूमपणे भरून काढतात, की खाणारा फसावा.

आधी बटाटा ओळखावा

बाजारात "दोन किलो द्या" म्हणून पिशवी पुढे करणारा आणि एकेक बटाटा हातात घेऊन निवडणारी यांच्यातला फरक ताटात कळतो. नव्या बटाट्याची साल पातळ असते, नखानंही निघते. त्यात पाणी जास्त असतं, त्यामुळे शिजल्यावर फोडी मोडत नाहीत. रश्श्याला, दम आलूला तो चांगला. जुना बटाटा कोरडा, पिठूळ. उकडला की भुगा होतो. वडा, पॅटिस, पराठा यांना तोच हवा. नवे बटाटे चिरून उकडले, तर ते पाणी पितात, सारण चिकट होतं आणि वडा तेलात फुटतो. मग दोष बेसनाला दिला जातो!

शिजवण्याच्याही काही खुब्या आहेत. जुन्या बायका चिंच, कोकम किंवा टोमॅटो रश्श्यात शेवटी घालतात, ते उगीच नाही. आंबटपणामुळे बटाट्याच्या फोडी लवकर मऊ होत नाहीत. नव्या सुनेनं चिंचेचा कोळ आधीच ओतला, तर कितीही वेळ उकळी आली तरी फोडी दाताखाली कचकचतात आणि तिला वाटतं बटाटेच वाईट. काचऱ्या कुरकुरीत हव्यात तर चकत्या दोन-तीन पाण्यांतून काढून, फडक्यावर कोरड्या करून मगच तेलात सोडाव्या. वरचं पीठ धुऊन गेलं की त्या एकमेकींना चिकटत नाहीत.

बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत. थंडीत त्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. भाजी गोडसर लागते आणि तळण लगेच काळपट होतं. उजेडातही ठेवू नयेत, ते हिरवे पडतात. हिरवा भाग कडू आणि पोटाला बाधणारा असतो, शिजवूनही तो दोष जात नाही. थोडा असेल तर खोलवर कापून टाकावा, फार असेल किंवा मोठे कोंब आले असतील तर बटाटाच टाकावा. अंधारी, हवेशीर टोपली बरी, आणि कांद्याची टोपली वेगळी.

बदलीच्या गावी

बँकेची, रेल्वेची किंवा लष्कराची बदलीची नोकरी असलेल्या घरातल्या बाईला बटाट्याची किंमत सगळ्यांत जास्त कळलेली असते. नवं गाव, नवी भाषा, अर्धं सामान खोक्यांत. मंडईत निम्म्या पालेभाज्या अनोळखी. अशा वेळी ओळखीचा चेहरा एकच, बटाट्याचा. पहिल्या संध्याकाळी स्टोव्हवर त्याचीच खिचडी होते आणि दुसऱ्या दिवशी शेजारीण झाकून वाटी आणते, त्या वाटीतही बहुधा बटाटाच असतो. पण तो माहेरचाही नसतो आणि सासरचाही नसतो.

बडोद्याला त्या वाटीत गुळाचा किंचित गोडवा असलेलं रसदार शाक येतं. उत्तर प्रदेशात पुरीबरोबरची हिंगाची पातळ भाजी. तिथली बाई उकडलेले बटाटे सुरीनं कापत नाही, हातानंच फोडते. त्यामुळे काही तुकडे विरघळून रस्सा आपोआप दाट होतो, वाटणाची गरजच पडत नाही. बिहारमध्ये कुस्करलेल्या बटाट्यात कच्चं मोहरीचं तेल, कांदा, हिरवी मिरची घालून चोखा करतात. आसामात त्याचाच भाऊ आलू पिटिका गरम भाताबरोबर खातात. कुमाऊंमध्ये जखियाच्या दाण्यांची फोडणी दिलेले आलू के गुटके. काश्मिरी पंडितांच्या घरी कांदा-लसणाशिवाय, बडीशेप आणि सुंठीच्या पुडीत मुरलेला दम आलू. त्यासाठी अख्खे बटाटे टोचून सावकाश तळतात, म्हणजे रस आतवर जातो.

कोलकात्याची तर बातच निराळी. खसखशीच्या वाटणातला आलू पोस्तो आणि लुचीबरोबरचा दम आलू आहेच, पण तिथे बिर्याणीतही बटाटा असतो. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये कोलकात्याला आले, त्यांच्या मुदपाकखान्यातून ही चाल पडली असं सांगतात. कारण काही असो, मटणाचा मसाला पिऊन पिवळाधमक झालेला तो बटाटा ताटात आला नाही, तर कोलकातेकर बिर्याणी वाढणाऱ्याला जाब विचारतो.

आणि आपल्या किनाऱ्यावर, गोव्यात सकाळच्या पावाबरोबरची बटाट्याची भाजी असते. सारस्वतांच्या घरी लाल मिरची, चिंच आणि भरपूर परतलेल्या कांद्याचं बटाटा साँग असतं, तर नुसत्या हिंगाच्या वासावर जेवण संपवणारं हुमणही असतं. देशावर कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा झणझणीत रस्सा. पुण्याकडे पोह्यांत कांद्याच्या जोडीला किंवा कांद्याऐवजी बटाटा.

दर तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्या घरात हे सगळं हळूहळू जमा होतं. मुलं शाळेचे मित्र विसरतात, भाड्याच्या घराचा पत्ता विसरतात, पण अमक्या गावच्या काकूंची आलूची भाजी विसरत नाहीत. मग निवृत्तीनंतर पुण्या-नागपुरात स्थिरावलेल्या त्या घरी सोमवारी पिवळी भाजी, बुधवारी पोस्तो आणि रविवारी पुरीबरोबर हिंगाचा रस्सा होतो. पाहुण्यांना वाटतं, या घरी रोज बटाटाच कसा? घरच्यांना तो बटाटा वाटतच नाही. त्यांच्या लेखी ती गावं असतात.

माप ताटातलं

वय वाढलं, साखर निघाली की डॉक्टर बटाटा कमी करायला सांगतात आणि घरात त्याचं नाव काढायची चोरी होते. त्यातही तारतम्य हवं. बटाट्याचा बराचसा भाग पाणीच असतो. त्यात क जीवनसत्त्व आणि पोटॅशियमही असतं. सालीसकट उकडला तर ते कमी वाया जातं. वजन वाढतं ते बहुतेक करून तळणामुळे आणि एकाच ताटात भात, पोळी, बटाटा असा पिष्टाचा मारा झाल्यामुळे. मधुमेह्यानं किती खावा हे डॉक्टरांनाच विचारावं, पण भाताचा किंवा पोळीचा वाटा कमी करून चार फोडी, सोबत मेथी नाहीतर कोशिंबीर, अशी तडजोड पुष्कळ घरांत निघते. आजोबांच्या पानात वेगळी वाटी ठेवून सगळ्यांसमोर 'तुम्हाला नाही' म्हणण्यापेक्षा भाजीत फ्लॉवर आणि मटार वाढवून सगळ्यांनीच तीच खावी, यात शहाणपणा आहे आणि मायाही.

वहीत नसलेली पाककृती

जवळजवळ प्रत्येक घरात पाककृतींची एक वही असते. तेलाचे डाग पडलेली, मासिकांतली कात्रणं चिकटवलेली. तिच्यात नानकटाई असते, बिनअंड्याचा केक असतो, लग्नाआधी शिकलेलं चायनीज असतं. बटाट्याची रोजची पिवळी भाजी मात्र नसते. ती कोण लिहून ठेवणार? ती तर सगळ्यांनाच येते!

मग मुलगी शिकायला बंगळूरला जाते किंवा मुलगा नोकरीसाठी परदेशी जातो आणि एका रात्री फोन येतो, "आई, आपली ती साधी भाजी कशी करायची?" आई सांगते, "थोडं तेल, जरा हिंग, अंदाजानं मीठ." तिकडे भाजी होते, पण ती होत नाही. निदान तेव्हा पुन्हा फोन करता येतो. ज्या घरातली ती बाई गेलेली असते, तिथे वही उलटीसुलटी करूनही काही सापडत नाही. वर्षानुवर्षं आठवड्यातून दोनदा खाल्लेल्या भाजीचं साधं माप कुणालाच ठाऊक नसतं. मोहरी आधी की हिंग, लिंबू गॅसवर असताना पिळायची की उतरवल्यावर, चिमूटभर साखर घालायची की नाही, हे विचारावं असं कधी कुणाला वाटलंच नाही.

म्हणून घरातल्या मुलामुलींनी, आणि नवऱ्यांनीही, एखाद्या रविवारी ओट्याशी उभं राहावं. गप्पा मारत का होईना, हात कसा चालतो ते पाहावं. फोडीची जाडी, तेलाची पळी, झाकणावर पाणी ठेवायची पद्धत वहीच्या कोऱ्या पानावर तारीख घालून टिपून ठेवावी. मग पुढच्या रविवारी तिला खुर्चीत बसवून आपण कढई घ्यावी. पहिल्यांदा भाजी खाली लागेल, दुसऱ्यांदा मीठ चुकेल. ती बसल्या जागेवरून "आता झाकण काढ" म्हणेल, तेव्हा काढावं.