रुमाल टाकलेली नावे

बोरिवलीहून चर्चगेटला नोकरीसाठी जाण्यात माझी तेहतीस वर्षे गेली. त्यामुळे रुमालाचे शास्त्र मला नव्याने शिकण्याची गरज नाही. गाडी फलाटाला लागत असतानाच आत शिरावे, आपण एका जागेवर बसावे आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकावा. मागून येणाऱ्याने "कुणी आहे का?" असे विचारताच अत्यंत निरागस चेहऱ्याने "येताहेत" म्हणावे. हा अन्याय मी केला आहे आणि सोसलाही आहे. पण रुमालाखालची जागा उभ्या प्रवाशाला हजारो रुपयांना विकणारा माणूस मात्र मला त्या तेहतीस वर्षांत कधी भेटला नाही. तो भेटायला मला निवृत्त होऊन इंटरनेटच्या वाटेला जावे लागले.

त्याचे असे झाले. आई गेली तेव्हा तिच्यामागे दागिने असे फारसे नव्हतेच. होते ते चकलीच्या भाजणीचे प्रमाण. ते वहिनींच्या हाती आले. वहिनींनी घरच्या घरी फराळ करून द्यायला सुरुवात केली आणि उद्योगाला नाव दिले ते आपल्या सासूबाईंचे. सासूचे नाव हौसेने पाटीवर लावणारी सून मी तरी दुसरी पाहिलेली नाही. पुतण्याने त्याच नावाची वेबसाइट काढून दिली. नावाचे भाडे वर्षाला हजार रुपयांच्या आत. बारा वर्षे त्या नावाने बोरिवलीपासून न्यू जर्सीपर्यंत चकल्या गेल्या.

मागे एका घटस्थापनेला न्यू जर्सीहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "काकू, धंदा विकलात की काय? तुमचे पान उघडले तर 'हे नाव विकणे आहे' अशी पाटी दिसते!"

वहिनींनी हातातला झारा खाली ठेवला. "आईंचे नाव विकायला काढलंय? कुणी?"

पुतण्या पुण्याला नोकरीला. तो शनिवारी आला आणि मान खाली घालून सारे सांगू लागला. इंटरनेटवरचे नाव कायमचे विकत मिळतच नाही, मुदतीने मिळते. मुदत संपत आली की महिनाभर आधी एकदा, आठवडाभर आधी एकदा आणि संपल्यावर पाच दिवसांत आणखी एकदा आठवण द्यावी, असा या नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेचा नियम आहे. आठवणी आल्याही होत्या. पण त्या पुतण्याच्या कॉलेजातल्या ईमेलवर, आणि तो पत्ता त्याने केव्हाच सोडून दिला होता. मुदत संपलेले नाव पूर्वीच्या मालकाला सोडवून घ्यायला सहसा काही दिवस मिळतात. ते उलटले की ते मोकळे होते, किंवा त्याआधीच लिलावात निघते. मोकळ्या होणाऱ्या नावांवर डोळा ठेवून बसलेली यंत्रे असतात. ती क्षणार्धात झडप घालतात. त्यांना ना आई ठाऊक, ना चकली. बारा वर्षे माणसे या नावाने येत आहेत, एवढेच त्यांना दिसते.

आम्ही पत्र टाकले. दोन तासांत मोठ्या अदबीच्या इंग्रजीत उत्तर आले : एक हजार डॉलर. म्हणजे आपले ऐंशी हजारांच्या वर.

अंधेरीला माझे एक जुने स्नेही वकिली करतात. त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "कायदा तुमच्या बाजूचा आहे." मुंबईच्याच रेडिफ कंपनीच्या नावातले एक अक्षर फिरवून कुणी 'रॅडिफ' असे नाव घेतले होते, १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की असे नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे; व्यापारचिन्हासारखे त्यालाही संरक्षण आहे. शिवाय जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार करता येते. मात्र तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : त्या नावावर आपला हक्क आहे, समोरच्याचा न्याय्य संबंध नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेऊन वापरले आहे.

"मग करू या की तक्रार!" मी म्हणालो.

"एका पंचाची फी दीड हजार डॉलर," वकील शांतपणे म्हणाले. "जिंकलात तर नाव मिळेल; खर्च परत मिळणार नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. न्यायाला दीड हजार, अन्यायाला हजार! मोठ्या कंपन्यांना ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. घरगुती फराळवालीला नव्हे. आमच्या गृहस्थाने भाव काढला होता तो नावाचा नव्हे, आमच्या नाइलाजाचा.

इथवर वाचून वाचकांना माझ्याविषयी सहानुभूती वाटली असेल, तर पुढचे सांगणे भाग आहे. दिल्लीच्या एका तरुणाने दोन मोठ्या कंपन्या एकत्र येणार हे हेरून २०२३ मध्ये 'जिओहॉटस्टार' हे नाव आधीच घेऊन ठेवले आणि २०२४ मध्ये त्याच्या बदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, ही हकीगत पुतण्याने जेवताना सांगितली. ती ऐकून त्या रात्री मला झोप लागेना. उठलो आणि शोधू लागलो. आमच्याच रस्त्यावरच्या पोळीभाजी केंद्राचे नाव अजून कुणी घेतलेले नव्हते. आठशे रुपयांचे काम! गेलेले पैसे कुठून तरी भरून निघायला नकोत का? मी माझे नाव भरले, पत्ता भरला. मागे पावले वाजली. वहिनी पाणी प्यायला उठल्या होत्या.

त्यांनी पडद्यावरचे नाव वाचले. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, मागच्या दिवाळीत आपला गॅस संपला, तेव्हा त्या बाईंनी त्यांचे सिलिंडर दिले होते."

मी पान बंद केले. सकाळी केंद्रात जाऊन त्या बाईंना सांगितले, की तुमचे नाव मोकळे आहे, आजच्या आज घेऊन टाका. त्यांनी मला चहा पाजला. तो घशाखाली उतरायला जरा वेळ लागला.

हजार डॉलर आम्ही दिले नाहीत. वहिनींनी आईच्या नावापुढे 'बोरिवली' जोडून नवे नाव घेतले. "आई जन्मभर इथेच राहिल्या," त्या म्हणाल्या, "पत्ता चुकायचा नाही." त्या दिवाळीला परदेशची बरीच गिऱ्हाइके मात्र आमच्यापर्यंत पोचली नाहीत. काही पुढे शोधत आली. काही आलीच नाहीत.

आता स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, मुदतीची तारीख मी स्वतः लाल शाईने लिहितो. नवी दिनदर्शिका आली की पहिले काम तेच.