शून्य नंबरचा सिग्नल

मुलगा २०११ साली नागपूरला इंजिनीअरिंग शिकायला गेला, तेव्हा आम्हा बापलेकांत एक ठराव झाला. रात्री नऊ वाजता मी त्याला एक रिंग द्यायची आणि कापायची. त्याने उलट एक रिंग देऊन कापायची. पैसे वाचत, हे एक कारण. दुसरे असे की, बोलायला विशेष काही नसे. आईशी तो अर्धा अर्धा तास बोले. माझ्याशी 'हो', 'नाही', 'बरं'. तो खुशाल आहे एवढे कळले की मला झोप लागे. पुढे तो पुण्याला नोकरीला लागला, फोनवर बोलणे जवळजवळ फुकट झाले, तरी नऊची रिंग सुरूच राहिली.

२०२१ च्या एप्रिलात तो रामाकोन्यालाच होता. शाळा बंद, कचेऱ्या बंद. तो वरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून पुण्याचे काम करीत असे. मला दिवसभर उद्योग नव्हता. एक दिवस चहा घेऊन वर गेलो आणि विचारले, "काय करून राहिला रे?"

"किल तपासून राहिलो, बाबा. कर्नलमधला."

कर्नल म्हटल्यावर मला फौजेतलाच आठवणार! मी एम. ए. झालो तो मराठी घेऊन. नोकरीभर शिकवले हिंदी माध्यमाच्या शाळेत. इंग्रजी शब्द आमच्याकडे आधी हिंदीत येतो आणि मग जेवायच्या वेळी मराठीत. पण पोराने त्या दिवशी चहा थंड होईस्तोवर समजावून सांगितले, आणि खरे सांगतो, मला ते आवडले.

लिनक्स ही १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली व्यवस्था. तिच्या पोटातला कारभारी म्हणजे कर्नल. कॉम्प्युटरवर चालू असलेल्या प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात, आणि शाळेतल्या पोरांसारखा प्रत्येकीला एक नंबर असतो. एका प्रोसेसने दुसरीच्या अंगाला हात लावायचा नाही. काही सांगायचे असेल तर कर्नलकडे रीतसर अर्ज करायचा. या अर्जाला सिस्टिम कॉल म्हणतात. 'अमक्या नंबरच्या प्रोसेसला अमका सिग्नल द्या' असा जो अर्ज, त्याचे नाव किल. नाव भयंकर असले तरी दरवेळी जीव घेतोच असे नाही. पंधरा नंबरचा सिग्नल म्हणजे 'आवरा आता, गाशा गुंडाळा.' तो मिळाल्यावर प्रोसेस आपली कागदपत्रे नीट ठेवून उठू शकते, किंवा कानाडोळाही करू शकते. नऊ नंबरला मात्र सुनावणी नाही. तो अडवता येत नाही, टाळता येत नाही. एक नंबरचा सिग्नल हा 'समोरच्याने फोन ठेवला' या अर्थाचा. दूरचे टर्मिनल टेलिफोनच्या तारेने मोठ्या यंत्राला जोडलेले असे, त्या काळातला. तार तुटली की यंत्र तिकडच्या प्रोसेसला हे कळवी. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसलेली माणसे हे लगेच समजतील.

"पण यात तपासायचे काय?" मी विचारले. "सिग्नल दिला की गेला."

"गेला पाहिजे तिथे जातो का, आणि नाही गेला पाहिजे तिथे कर्नल बरोबर नकार देतो का, दोन्ही पाहावं लागतं."

मग त्याने एक चाचणी चालवून दाखवली. एक प्रोसेस स्वतःचीच नक्कल काढून दुसरी जन्माला घालते. यांना खरोखरच बाप आणि लेक म्हणतात, ही माझी उपमा नव्हे. लेक थांबून राहतो, बाप त्याला पंधरा नंबर पाठवतो, लेक संपतो. मग बापाने कर्नलकडून लेकाच्या मरणाचा दाखला घ्यायचा आणि कारण पाहायचे : पंधरानेच गेला ना? ऐकायला क्रूर आहे. त्यानंतर नकारांची पाळी. अस्तित्वात नसलेला सिग्नल मागितला, तर उत्तर यावे 'असा सिग्नल नाही'. नसलेल्या नंबरला पाठवला, तर 'अशी प्रोसेस नाही'. आणि दुसऱ्याच्या मालकीच्या प्रोसेसला पाठवला, तर 'तुला अधिकार नाही'. तीन चुका, तीन वेगळी उत्तरे, आणि तिसऱ्याच्या जागी दुसरे आले तर चाचणी नापास. मी सरकारी कचेऱ्यांत उभी हयात घातली आहे. तिथे या तिन्हींना मिळून एकच उत्तर असते : "साहब मीटिंग में हैं."

अशा हजारो चाचण्यांचा एक मोठा संग्रह आहे, लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट नावाचा. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने तो सुरू केला, आणि जगभरातल्या कंपन्यांची माणसे आता त्यात भर घालतात. कोणीही उघडून वाचावा. आमच्या चिरंजीवांचे काम त्याच धर्तीचे. त्या आठवड्यात त्याची एक चाचणी शेकडो वेळा पास होऊन मध्येच एकदा नापास होत होती, आणि त्याची झोप उडाली होती. कारण शेवटी सापडले. लेक 'हा सिग्नल आला तर मी असे करीन' अशी तयारी करतो. पण कधीतरी ती तयारी होण्याआधीच बापाचा सिग्नल येऊन धडकतो. जोडीदाराने त्यावर तोड काढली होती, बापाने सिग्नल देण्याआधी एक सेकंद थांबायचे. पोराला ते पटत नव्हते. यंत्रावर काम जास्त असले तर एक सेकंद पुरणार नाही. लेकाने 'मी तयार आहे' असे कळवावे, त्याशिवाय बापाने हलूच नये.

मी म्हटले, "अरे, हे तर लाइन क्लिअर!" आमच्या स्टेशनावरून नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी जात असे. २०१५ साली ती बंद झाली आणि पुढे मोठी लाइन आली. एकेरी रुळावर समोरच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. अंदाजाने थोडे थांबून सोडून दिली असे कोणी करीत नाही. हे पोराला फार आवडले. माझ्या बोलण्याने त्याचे काही अडले-सुटले, असा आमच्या संसारातला हा पहिलाच प्रसंग.

त्याच भरात त्याने शून्य नंबर सांगितला. किलच्या अर्जात सिग्नलचा नंबर शून्य लिहिला, तर सिग्नल जातच नाही. कर्नल फक्त पाहतो की ही प्रोसेस आहे का आणि तुला तिला सिग्नल द्यायचा अधिकार आहे का, आणि तेवढेच उत्तर देतो.

"म्हणजे आपली नऊची रिंग!" मी म्हणालो.

तो हसला. पुढे काही सांगणार होता, पण खालून आईची हाक आली.

आठ-दहा दिवसांनी माझे थोरले भाऊ नागपूरला एका दवाखान्यात भरती झाले. वहिनी घरात एकट्या, त्यांनाही ताप. नागपूर आमच्यापासून दीड-दोन तासांवर. पण महाराष्ट्रात जाणाऱ्या बसगाड्या मध्य प्रदेश सरकारने मार्चमध्येच थांबवल्या होत्या, आणि गेलो असतो तरी आत कोणी सोडले नसते. भाऊंना बोलवत नव्हते. त्यांचा फोन उशाशी होता. मी रिंग देई. ती जाई. रिंग जाते म्हणजे फोन चालू, फोन चालू म्हणजे कोणीतरी चार्जिंगला लावतो, आणि लावतो म्हणजे भाऊ आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी रिंग दिली. तिन्ही वेळा वहिनींना कळवले, "रिंग जाऊन राहिली, काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. भाऊ आदल्या दिवशी पहाटेच गेले होते. फोन त्यांच्या चष्म्यासोबत एका प्लास्टिकच्या पिशवीत होता, पूर्ण चार्ज केलेला.

पुढची कहाणी सीमेवरच्या कुठल्याही घराला सांगावी लागणार नाही. भाऊंचे शेत सौंसर तालुक्यात, मृत्यूचा दाखला नागपूरचा. दाखल्यात आमच्या आडनावातला 'ळ' आला; इथल्या हिंदी कागदांत तिथे पिढ्यान्‌पिढ्या 'ल' आहे. मेलेला माणूस निराळा आणि खातेदार निराळा, असे एका कचेरीने ठरवले. आठ महिने भाऊ खात्यावर जिवंत होते.

त्या दिवाळीत मुलगा आला. मी हे 'ळ'चे रडगाणे गात होतो. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "बाबा, त्या दिवशी एक गोष्ट सांगायची राहिली. शून्य नंबरला मेलेली प्रोसेससुद्धा 'आहे' म्हणून उत्तर मिळतं."

लेक संपला तरी बाप दाखला घेऊन जात नाही तोवर कर्नलच्या तक्त्यातून त्याचा नंबर निघत नाही. काम बंद, प्राण नाही; नोंद शिल्लक. अशा प्रोसेसला झॉम्बी म्हणतात. बापच आधी मेला, तर अनाथ लेकांचे दाखले एक नंबरची प्रोसेस घेते. पोराने यासाठीही चाचणी लिहिली होती. लेकाला संपवायचे, दाखला मुद्दाम घ्यायचा नाही, आणि शून्य नंबर पाठवायचा.

"मग 'आहे' असे उत्तर आले की नापास ना?"

"नाही. पास. नियमच तसा आहे."

मी पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच सांगितले. मला राग आला. कशाचा, ते त्याला सांगता आले नाही आणि त्याने विचारलेही नाही.

तेव्हापासून नऊ वाजता मी रिंग कापत नाही. त्याने उचलेपर्यंत वाजू देतो. "जेवला का?" "जेवलो." "बरं." कधी एवढेच. काल त्याने फोन उचलला नाही. वीस मिनिटे मी ओट्यावर येरझारा घातल्या. मग त्याचाच फोन आला. चाचण्या चालू होत्या, म्हणाला.

"पास झाल्या का?"

"हजारातल्या नऊशे नव्याण्णव वेळा," तो म्हणाला, आणि मग दहा मिनिटे त्या राहिलेल्या एकीबद्दल बोलत होता.