खांब नसलेला थांबा

शनिवारी रात्रीचे दोन वाजले होते आणि लीड्समधले सगळे बसथांबे माझ्या लॅपटॉपवर होते. सगळे!

ब्रिटनभरच्या थांब्यांची 'नॅपटॅन' नावाची सरकारी यादी आहे आणि ती कुणालाही फुकट मिळते, हे मला आदल्या दिवशीपर्यंत ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं बसनं फिरतेय इथं! आमच्या वेस्ट यॉर्कशायरची फाइल उघडली. एका ओळीत एक थांबा: क्रमांक, नाव, बसचं तोंड कुठे, आणि चक्क 'समोर' की 'शेजारी'. ही तर आपलीच पत्ता सांगायची रीत. देवळासमोर, गिरणीशेजारी! फक्त इथं देवळाऐवजी पब.

पण माझ्या फाइलीत अक्षांश-रेखांशांचे रकाने रिकामे, आणि शेजारी ४३०००० च्या आसपासचे सहा आकडी आकडे. मीटर आहेत हो ते, मीटर! सिली बेटांच्या नैर्ऋत्येला भर समुद्रात एक बिंदू मानलाय, तिथून पूर्वेला इतके, उत्तरेला इतके. त्यामागे पृथ्वीचा जो आकार धरलाय तोही एअरी या खगोलशास्त्रज्ञाचा, १८३० सालचा. जीपीएसचा वेगळा. तो फरक विसरलात, की थांबा शंभरेक मीटर सरकून पलीकडच्या गल्लीत जातो. पायथनमधलं 'पायप्रोज' हा सगळा हिशेब एका ओळीत करतं. थांबे नकाशावर मांडणारी माझी अख्खी स्क्रिप्ट पंधरा ओळींची!

चालवली. नकाशा कोरा. नकाशा लहान करत गेले, आणखी लहान... आणि अख्खं लीड्स हिंदी महासागरात, सेशेल्सच्या उत्तरेला! अक्षांश आधी की रेखांश, एवढाच घोळ. एकटीच खदखदून हसले. अदलाबदल केली, ठिपके घरी परतले. मग मागचा नकाशाच पुसून टाकला, तरी नुसत्या ठिपक्यांतून माझा नेहमीचा रस्ता वळणासकट ओळखू आला.

आणि तेवढ्यात प्रकाराच्या रकान्यात दिसलं, 'सीयूएस'. म्हणजे वहिवाटीचा थांबा. खांब नाही, पाटी नाही, पण बस थांबत आलीय म्हणून यादीत. आपल्या एसटीचं 'हात दाखवा, गाडी थांबवा', तेही अक्षांश-रेखांशांसकट!

त्यातला एक ठिपका घरापासून चालत वीस मिनिटांवर निघाला. झोप कसली येतेय? सकाळी फोनमध्ये तो बिंदू धरून गेले. नुसतं झुडपांचं कुंपण. आणि कुंपणालगत, बरोब्बर ठिपक्यावर, एक आजीबाई पिशवी घेऊन बसची वाट बघत उभ्या.