आधी पाणी मोजा, मग पेरा

कधी नगरकडे जाणे झाले, तर वाट थोडी वाकडी करून हिवरे बाजारला जरूर जा. गाव नगर तालुक्यातच, डोंगरांच्या कुशीत आहे. पाऊस बेताचा, वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास. एके काळी इथली माणसे पोटासाठी गाव सोडून जात, आणि मागे उरलेल्या गावात दारूच्या भट्ट्या पेटत.

१९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदानाने डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी ठरवली आणि पाळलीही. हे सारे पाहाच. पण त्याहून मोठी गोष्ट ग्रामसभेत घडते. पावसाळा सरला की गाव पाण्याचा जमाखर्च मांडते. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती? माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे. उरेल त्यावर पुढचे पीक ठरते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. विहीर स्वतःची असली तरी नियम तोच.

उसाचा पैसा कोणाला नको असतो? पण आपल्याला काय टिकवायचे आहे हे ज्याला पक्के ठाऊक असते, त्यालाच हातचा पैसा नको म्हणता येतो. गाव सोडून गेलेली कित्येक घरे पुढे परत आली, ती या निश्चयामुळे.

तुम्हीही परतल्यावर रब्बीच्या पेरणीआधी चावडीवर एवढेच विचारा: यंदा आपल्या विहिरींत पाणी किती आहे, ते कोणी मोजले का?