पाणलोटावरची सरहद्द

रत्नागिरी आणि सातारा या जिल्ह्यांमधली हद्द आखताना कुणाला फार डोकं चालवावं लागलं नसेल. सह्याद्रीची धार समोरच होती. धारेच्या पश्चिमेला पडलेला पाऊस वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जातो, पूर्वेला पडलेला कोयनेतून कृष्णेला मिळतो आणि बंगालच्या उपसागराची वाट धरतो. खाली चिपळूण, वर पाटण. खाली भात आणि नाचणी, वर ज्वारी आणि ऊस. चिपळूणला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस होतो, तर घाट चढून कराडला पोचेपर्यंत त्याचा पाचवा हिस्सासुद्धा उरत नाही. निसर्गानेच रेघ ओढून ठेवली आहे, सरकारने ती फक्त गिरवली, असं कुणालाही वाटेल.

सीमाप्रदेशांचा भूगोल हा माझा अभ्यासाचा विषय, आणि राहणं सावर्ड्याचं, म्हणजे चिपळूणच्या दक्षिणेला, मुंबई-गोवा महामार्गावर, या रेघेच्या पायथ्याशी. वाचनातला बराच काळ मी मध्य आशियातल्या फरगणा खोऱ्यावर घालवला आहे. दोन्हीकडे पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. पाणलोटावरून हद्द आखणं सोपं असतं; चालवायला तीच सगळ्यांत अवघड. माणसं, माल आणि पाणी यांपैकी काहीच त्या रेघेपाशी थांबत नाही, आणि ती ओलांडणाऱ्या गोष्टींचा हिशेब ठेवायला मात्र कुठल्याही एका कार्यालयाला बसवलेलं नसतं.

आमच्या भागाचा कारभार कुठून चालतो ते पाहा. महसूल कोकण विभागाकडे, त्याचे आयुक्त नवी मुंबईत बेलापूरला. कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. दहावी-बारावीची परीक्षा पूर्वी कोल्हापूर मंडळाची होती. कोकणाला स्वतःचं मंडळ मिळून आता दशक उलटून गेलं. वनखात्यात मात्र चिपळूणचा विभाग आजही कोल्हापूर वनवृत्तात मोडतो, म्हणजे झाड तोडायच्या कागदाचा वरिष्ठ घाटावर बसतो. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर यांच्या जोडीला रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही त्याच्या कक्षेत आले. एकाच गावच्या माणसाला जमिनीच्या अपिलासाठी बेलापूर आणि रिट अर्जासाठी कोल्हापूर. मला यात गोंधळ दिसत नाही. प्रत्येक खात्याने आपापल्या सोयीने घाट कधी भिंत मानला, कधी रस्ता मानला, एवढंच.

इतिहासात तो खरोखरची सरहद्द होता, तेही फार जुनी गोष्ट नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेली. कोकण थेट कंपनी सरकारच्या ताब्यात आलं, आणि घाटावर साताऱ्याला छत्रपतींचं राज्य इंग्रजांनी मर्यादित स्वरूपात परत उभं केलं. १८४८ मध्ये ते खालसा होईपर्यंत तीस वर्षं चिपळूण-कराड वाटेवरच्या कुंभार्ली घाटाचा माथा हा दोन वेगळ्या राजवटींमधला बांध होता. तरी बैलांचे तांडे चालतच होते. गोवळकोटच्या बंदरातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची. वरून गूळ, मिरची, डाळ, ज्वारी खाली यायची. राजवटी बदलल्या तरी मिठाची गरज बदलली नाही.

आजचा व्यापार पाहायचा तर सावर्ड्याच्या बाजारात पहाटे उभं राहावं. भाजीचे टेम्पो उतरत असतात आणि त्यांच्या पाट्यांवर आमच्या रत्नागिरीचं एमएच-०८ क्वचितच दिसतं. एमएच-५० म्हणजे कराड, एमएच-१० सांगली, एमएच-०९ कोल्हापूर. कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, टोमॅटोचे क्रेट, दुधाच्या पिशव्या, सगळं वरून. आमच्याकडे चार महिने पावसाचा असा मारा असतो की पालेभाजी टिकत नाही, उरलेले महिने कातळाखालची विहीर आटत जाते, आणि राबणारे हात मुंबईला गेलेले असतात. पावसाळ्यात कुंभार्लीत दरड आली की गाड्यांना आंबा घाटाचा वळसा पडतो आणि त्याच संध्याकाळी मिरचीचा भाव चढतो. चिपळूण-कराड रेल्वेचं बोलणं इतकी वर्षं चाललं आहे. रूळ अजून पडलेले नाहीत.

सावर्ड्याहून बाहेर जाणारा माल म्हणजे कात. आमच्या परिसरात काताचे कारखाने आहेत हे पान खाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? खैराचं लाकूड येतं. साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड काढून टाकायचं, आतला तांबडा गाभा तेवढा कामाचा. त्याच्या बारीक चिपा करून त्या मोठ्या भांड्यांतून उकळायच्या, तो काढा आटवत आटवत दाट करायचा आणि गारव्यात निवत ठेवायचा. गाळ बसला की दाबून पाणी काढायचं आणि वड्या पाडायच्या. हे कौशल्य या डोंगरांत कातकरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलं. आता ते यंत्रांकडे गेलं आहे आणि कातकरी वीटभट्ट्यांवर. कारखान्यांचं सांडपाणी नदीत उतरतं ही आसपासच्या गावांची जुनी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. खैर मालकीच्या रानातला असला तरी तोडीला परवानगी लागते आणि वाहतुकीला पास लागतो. जिथे लाकूड जिल्ह्याची हद्द ओलांडतं तिथे हा पास म्हणजेच सीमा. चोरटी तोड होते तीही याच फटीतून, कारण झाड एका हद्दीत, कारखाना दुसऱ्या आणि खरेदीदार तिसऱ्या.

पण रेघ ओलांडणाऱ्या सगळ्या गोष्टींत मोठं आहे ते पाणी.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि इतर नद्यांसारखी लगेच पूर्वेला न वळता सह्याद्रीच्या धारेला समांतर सरळ दक्षिणेकडे वाहत येते. हेळवाकपाशी काटकोनात वळून ती कराडकडे निघते. त्या वळणाच्या जरा वर धरण आहे, आणि शिवसागर जलाशयाचा फुगवटा पार तापोळ्यापर्यंत. धारेच्या पूर्वेला साठलेलं हे पाणी आणि पश्चिमेला पोफळीचा पायथा यांच्यामध्ये अंतर थोडं आणि उतार सुमारे पावणेपाचशे मीटरचा. अभियंत्यांनी हे ओळखलं आणि डोंगर पोखरून पाणी पश्चिमेला पाडलं. १९६० च्या दशकात पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज निघू लागली. पुढे कोळकेवाडीचं धरण आणि त्याच्या पायथ्याचं वीजगृह झालं, मग १००० मेगावॅटचा चौथा टप्पा. त्यासाठी १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाला छेद देऊन बोगद्यात पाणी घेतलं गेलं, ते काम 'लेक टॅपिंग' म्हणून गाजलं. सगळे टप्पे धरून क्षमता १९६० मेगावॅट. धरण सातारा जिल्ह्यात, मुख्य वीजगृहं रत्नागिरी जिल्ह्यात.

निसर्गाने बंगालच्या उपसागराला दिलेलं पाणी माणसाने अरबी समुद्राला दिलं. त्यालाही मर्यादा आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, कोयनेचं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायला मान्यता दिली. धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी. जलवर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. पाऊस चांगला झाला तर कुणाला काही आठवतही नाही. तो ओढ देतो त्या वर्षी खेचाखेच सुरू होते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांवर सांगली आणि सोलापूरकडचे दुष्काळी तालुके अवलंबून आहेत; त्यांना पाणी पूर्वेकडे सोडलेलं हवं. राज्याला संध्याकाळच्या मागणीच्या वेळी लगेच सुरू होणारी वीज हवी. त्यासाठी पाणी पश्चिमेकडे.

या वादात चिपळूणचं नाव कुणी घेत नाही. वीज करून झाल्यावर जे पाणी उरतं त्याला आमच्याकडे अवजल म्हणतात. एप्रिलमध्ये सगळ्या ओढ्यांचे गोटे उघडे पडलेले असताना अलोऱ्याच्या खाली नदीत उतरलं तर पोटरीपर्यंत गार पाणी लागतं. ते वाढतं आणि कमी होतं ते पावसाने नाही, वर संच सुरू झाला की बंद झाला यावर. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांना ते बरोबर कळतं. दगड ओला होऊ लागला की त्या बादली वर उचलून ठेवतात. या अवजलावर चिपळूण शहर पाणी पितं, लोट्याची रासायनिक वसाहत चालते. उरलेलं खाडीला. ते पाणी मुंबईला न्यावं असाही प्रस्ताव कित्येक वर्षं निघत आला आहे. नदीच्या दोन्ही तीरांवरच्या वरकस जमिनी मात्र दिवाळीनंतर पडीकच राहतात. हे मला टोचतं. पाणी दाराशी वाहत असताना शेतकऱ्याने मुलाला मुंबईला पाठवावं, यापेक्षा वेगळं नियोजन शक्य होतं आणि आहे.

पावसाळ्यात याच पाण्याचं दुसरं रूप दिसतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं. अतिवृष्टी, भरती, नदीतला गाळ, ही कारणं होतीच. कोळकेवाडीतून आलेल्या पाण्याचा त्यात वाटा किती, यावर शहरात नंतर किती तरी महिने वाद चालला. आकडे आधी हातात असते तर वाद कमी झाला असता, आणि काही माणसं कदाचित माल वर चढवू शकली असती. कराड-सांगलीला धरणाचे दरवाजे किती फुटांनी उचलले ते तासातासाला कळतं. वीजगृहातून पश्चिमेला किती पाणी उतरतंय, हेही तसंच आम्हाला कळायला हवं.

आता फरगणा. शाळेत बाबराचा धडा वाचलेल्या प्रत्येकाच्या कानावरून हे नाव गेलेलं असतं; १४८३ साली तो जन्मला ते अंदिजान याच खोऱ्यात. उत्तरेला तिएन शान, दक्षिणेला आलाय पर्वत, पश्चिमेला खुजंदपाशी अरुंद तोंड. तळातली सपाट, सुपीक जमीन बरीचशी उझबेकिस्तानची, भोवतालचे डोंगर किर्गिझस्तानचे, खोऱ्याचं तोंड ताजिकिस्तानचं. सोव्हिएत सत्तेने १९२४ पासून भाषा आणि जमाती पाहून या रेघा आखायला घेतल्या. पण कालवे, बाजार आणि कुरणं भाषा पाहून वसलेली नव्हती. त्यामुळे आजही सोख हा उझबेकिस्तानचा तुकडा चहूबाजूंनी किर्गिझस्तानने वेढलेला आहे, आणि त्यात राहणारे बहुतेक लोक ताजिक बोलतात. एकच देश होता तोवर या रेघांनी कुणाचं अडलं नाही.

नारीन नदीवर किर्गिझ डोंगरात तोक्तोगुल धरण आहे. साठवण १९.५ घन किलोमीटर, म्हणजे कोयनेच्या साडेसहापट. सोव्हिएत काळातला सौदा असा होता: किर्गिझांनी पाणी उन्हाळ्यात सोडायचं, खालच्या कापसासाठी, त्याबदल्यात हिवाळ्यात त्यांना खालून कोळसा, वायू आणि तेल मिळायचं. १९९१ मध्ये देश वेगळे झाले आणि इंधन बाजारभावाने विकत घ्यायची वेळ आली. डोंगरातली थंडी शून्याच्या बरीच खाली जाते. किर्गिझांनी घरं उबदार ठेवायला हिवाळ्यातच पाणी सोडून वीज केली. परिणामी उन्हाळ्यात कापूस तहानलेला आणि हिवाळ्यात नारीनच्या पुढच्या प्रवाहाच्या, म्हणजे सिर दर्याच्या, खालच्या अंगाला पूर. १९९८ मध्ये बिश्केकला करार झाला, पण पाणी आणि इंधनाची ही देवाणघेवाण नीट बसली नाही. मोठ्या नदीचं हे झालं. छोट्या पाटांवर रक्त सांडलं. एप्रिल २०२१ मध्ये किर्गिझ-ताजिक सीमेवरच्या एका पाणीवाटप केंद्रावरून भांडण पेटलं आणि पन्नासाहून जास्त माणसं मेली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याहून जास्त. अखेर १३ मार्च २०२५ ला दोन्ही देशांनी सीमेचा करार केला. त्यात रेघ कुठून जाते याबरोबर रस्ते आणि पाणी कुणी कसं वापरायचं हेही ठरवावं लागलं. त्याशिवाय रेघ टिकलीच नसती.

कोयनेचा प्रश्न त्या टोकाला जाणार नाही. घाटाच्या दोन्ही अंगांना एकच राज्य आहे, एकच भाषा आहे, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांची कित्येक कुटुंबं पुनर्वसनात खाली कोकणातच आलेली आहेत. पण किर्गिझ-उझबेकांचीही एकाच छताखाली पन्नासहून जास्त वर्षं गेली होती. तेवढ्या अवधीत वरच्याला काय मिळतं आणि खालच्याला काय, हे कागदावर नीट बांधून घेतलं गेलं नाही. वरून कुणीतरी ठरवत होतं, आणि ते ठरवणारं सरकारच नाहीसं झालं. आमच्याकडेही कोयनेच्या पाण्याचं वाटप लवाद, जलसंपदा आणि वीजखातं ठरवतात. पाटण आणि चिपळूण हे दोन तालुके फक्त परिणाम भोगतात.

माझी मागणी लहान आहे. दरवर्षी मे महिन्यात, जलवर्ष संपण्याआधी, दोन्ही तालुक्यांचे तहसीलदार, जलसंपदा आणि महानिर्मितीचे अभियंते, चिपळूण नगरपरिषद आणि काठावरच्या ग्रामपंचायती यांनी एकत्र बसावं. येत्या वर्षी पश्चिमेला कुठल्या महिन्यात किती पाणी उतरेल याचा अंदाज त्यात मांडावा, पावसाळ्यात तासाचा विसर्ग जाहीर करायचं ठरवावं, आणि अवजलातून उन्हाळी पिकाला किती उचलता येईल याचा पहिला आराखडा करावा. खैराच्या पासांची नोंदही त्याच बैठकीत दोन्हीकडच्या वनाधिकाऱ्यांनी ताडून पाहावी. बैठक एक वर्ष कोयनानगरला, दुसऱ्या वर्षी चिपळूणला. यासाठी नवा कायदा लागत नाही, दोन जिल्हाधिकाऱ्यांची एकेक सही पुरते.