हंटरपुढचं निवेदन आणि माझा अर्ज

शिक्षण-धोरण आणि मूल्यमापन या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी मी सध्या अर्ज भरते आहे. विद्यापीठ बंगळुरूचं असो, मुंबईचं असो की लंडनचं, एक प्रश्न सगळीकडे विचारतातच: तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे? त्याचं उत्तर म्हणून जे उद्देशपत्र लिहायचं, त्याचे नमुने मी बरेच वाचले. बहुतेकांत लहानपणी मिळालेली प्रेरणा असते, समाजासाठी काही करायची ओढ असते आणि शेवटी त्या विद्यापीठाची स्तुती. लिहिणारा कोणत्या शाळेत बसला, तिथं त्याला काय खटकलं, हे मात्र क्वचितच सापडतं.

मला हवा तसा नमुना मिळाला तो १८८२ सालचा. त्या वर्षी ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे आपलं निवेदन ठेवलं. निवेदन इंग्रजीत आहे आणि फारसं लांब नाही. सुरुवातीलाच जोतीराव सांगतात, की माझा शिक्षणातला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे. मग आपण काढलेल्या शाळा, तिथं पत्नीसह केलेलं अध्यापन. आणि त्यानंतर मुद्द्यांची रांग: सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो आणि ज्या रयतेकडून महसूल गोळा होतो तिची मुलं अक्षराविना राहतात. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले, शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेले असावेत, त्यांचा पगार बारा रुपयांच्या खाली नसावा. अभ्यासात मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीची आणि आरोग्याचीही तोंडओळख असावी. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाचा उपयोग नाही, तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि मधूनमधून न कळवताही शाळेत जावं. खाली सही करताना ते स्वतःला व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद म्हणवतात.

आज आपण ज्याला धोरणाचं मूल्यमापन म्हणतो, ते यात सगळं आहे. पैसा कुठून येतो, कुठं जातो, वर्गात काय घडतं, देखरेख खरी आहे की कागदावरची. आणि आपण किती पाहिलंय याची मर्यादा पहिल्याच परिच्छेदात सांगण्याचा प्रामाणिकपणाही. माझा अर्ज मी याच क्रमानं लिहिते आहे: काय पाहिलं, कुठवर पाहिलं, आणि त्यातून कोणता प्रश्न उभा राहिला.

माझं काम लखनौ जिल्ह्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांमध्ये आहे. मलिहाबाद, मोहनलालगंज, बक्शी का तालाब अशा ब्लॉकांत जाऊन शिक्षकांबरोबर बसायचं, मुलांचं वाचन ऐकायचं. (इथं मराठी म्हटलं की लोकांना आधी भातखंडे आठवतात. कैसरबागेत त्यांच्या पुढाकारानं १९२६ मध्ये सुरू झालेलं संगीत महाविद्यालय आज विद्यापीठ आहे. पंडितजी आधी देशभर फिरले, उस्तादांना ऐकलं, चिजा टिपून घेतल्या, मग अभ्यासक्रम बांधला. तो क्रम मला फार मोलाचा वाटतो.)

मलिहाबादच्या एका शाळेत तिसरीतली एक मुलगी माझ्यासमोर सतरंजीवर बसून धडा वाचत होती. स्वर स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. ‘निपुण भारत’ या सरकारी अभियानाच्या उद्दिष्टानुसार तिसरी संपेपर्यंत मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचायला हवेत. घड्याळ लावलं असतं तर ती सहज पार झाली असती. पण तिचं बोट एका ओळीवर होतं आणि तोंड दोन ओळी पुढं. मी पान उलटलं आणि न शिकवलेला धडा समोर ठेवला. तिनं पहिलं अक्षर ओळखलं, मात्रा चाचपली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “दीदी, ये वाला अभी हुआ नहीं है.” बाई तिला ओरडल्या नाहीत, उलट शेजारी बसून त्यांनी तो शब्द फोडून दाखवला. मुलगी हुशार आहे. अख्खा धडा ऐकून पाठ करणं ही काही छोटी गोष्ट नाही. पण वाचता येतं की नाही हे कळायला कोणता कागद समोर ठेवायचा, यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणून आकड्यांकडे मी आदरानं पाहते आणि तितकंच बारकाईनंही. ‘असर’चं सर्वेक्षण २००५ पासून होतं. मुंबईत माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी उभ्या केलेल्या ‘प्रथम’चं ते काम. शाळेत न जाता घरी जाऊन मुलाला अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. या सर्वेक्षणानुसार उत्तर प्रदेशच्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये १२.३ टक्के होती, २०२२ मध्ये १६.४ आणि २०२४ मध्ये २७.९. मध्ये करोनाची दोन वर्षं जाऊनही आकडा दुपटीच्या वर गेला. मी हे वाचलं तेव्हा मनापासून आनंद झाला, कारण यातले कष्ट मी जवळून पाहते. आणि तरीही चारातली जवळपास तीन मुलं अजून तो मजकूर वाचू शकत नाहीत.

आता प्रश्न असा की हे कशामुळे घडलं? या काळात शिक्षकांना मार्गदर्शिका मिळाल्या, ब्लॉकचे एआरपी (शैक्षणिक मार्गदर्शक) शाळांत जाऊ लागले, चाचण्या मोबाईलवर आल्या, संकुलाच्या मासिक बैठका सुरू झाल्या. सगळं एकाच वेळी आणि सगळीकडे. यातलं काय टिकवायचं आणि कशावरचा वेळ, पैसा वाचवायचा हे ठरवायचं तर परिणाम वेगळे काढता यायला हवेत. ते मला नीट येत नाही, आणि तेच शिकण्यासाठी हा सगळा खटाटोप.

असं वेगळं काढणं जमतं, हे याच राज्यात दिसलंय. जौनपूर जिल्ह्यातल्या २८० गावांत अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, त्याचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गावात शिक्षण समिती होती, पण कित्येक सभासदांना आपण सभासद आहोत हेच ठाऊक नव्हतं. काही गावांत सभा घेऊन लोकांना समितीची माहिती दिली, काही गावांत मुलांची वाचनपातळी लोकांसमोर ठेवली. त्यानं शाळेत काही हललं नाही. जिथं गावातल्याच तरुणांना शिकवण्याची सोपी पद्धत देऊन वाचनवर्ग घ्यायला लावले, तिथं त्या वर्गांना आलेली मुलं वाचू लागली. लोकांना माहिती दिली की ते जाब विचारतील, हे गृहीतक आपण सगळेच उराशी धरून असतो. जौनपूरनं ते तपासून दाखवलं.

उलट तपासल्यावाचून घेतलेला निर्णयही समोर आहे. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशात कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेला जोडण्याचा आदेश निघाला. त्याविरुद्ध सीतापूरची मुलं उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापर्यंत गेली. महाराष्ट्रातही वीसच्या आतल्या पटाच्या शाळांची हीच चर्चा आहे. लांबच्या शाळेत किती मुली खरोखर पोहोचतात, हे आधी मोजायला हवं. माझं मत स्पष्ट आहे: ते मोजल्याशिवाय एकही शाळा हलवू नये.

अभ्यासक्रम निवडताना मी दोनच गोष्टी पाहते. संख्याशास्त्र पक्कं शिकवतात का, आणि शाळेत पाठवतात का. दोन्ही नसतील तिथं अर्ज नाही. परदेशातला खर्च शिष्यवृत्तीशिवाय झेपणारा नाही, बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात घरच्या उत्पन्नानुसार मदत मिळते, हेही गणितात धरलं आहे. एक शिफारसपत्र प्राध्यापकांचं आहे. दुसरं मी एका मुख्याध्यापिकेकडे मागितलं. त्यांनी ते हिंदीत हातानं लिहून दिलं, भाषांतर जोडून तेच पाठवणार आहे. मला काम करताना त्यांनीच पाहिलं आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या, केंद्रप्रमुख म्हणून फिरणाऱ्या, संस्थांमध्ये राबणाऱ्या माझ्या वाचकांना एवढंच सांगणं आहे: हे अर्ज तुम्हीही भरा. शाळा ज्यांनी पाहिली नाही अशांच्या हाती हा विषय सोडू नका. लिहायला बसण्याआधी ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ काढून हंटर आयोगापुढचं ते निवेदन एकदा वाचा, आणि आपल्या पत्राचा पहिला परिच्छेद आपल्याच वर्गातून लिहा.